‘अंधश्रद्धा’ म्हणण्यापूर्वी

महाराष्ट्रात ज्याला सगळे ‘अंधश्रद्धाविरोधी कायदा’ म्हणतात, त्याच्या नावात अंधश्रद्धा हा शब्दच नाही. नाव लांबलचक आहे. त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे; पण अंधश्रद्धा नाही. असा कायदा व्हावा, हा ठराव विधान परिषदेत १९९५ साली झाला. कायदा झाला डिसेंबर २०१३मध्ये. मधल्या अठरा वर्षांत मसुदे झाले, अडले, बदलले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. या साऱ्या काळात कोणत्याही सभेत, कोणत्याही चर्चेत पहिला प्रश्न ठरलेला असे: श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, ते आधी सांगा. या एका प्रश्नावर सभा संपत, अधिवेशने संपत. तोपर्यंत कुठल्यातरी वस्तीवर कुणा बाईला चेटकीण ठरवून झालेले असे.

अखेर कायद्याने त्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, आणि ते बरे झाले. कायद्याला बारा कलमांची एक अनुसूची जोडलेली आहे. माणसाच्या मनात काय आहे, याबद्दल ती फारसे बोलत नाही. हातांनी काय केले आणि तोंडाने काय दावा केला, ते सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, केसांनी छताला टांगणे, चटके देणे. चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसे उकळणे. गुप्तधनासाठी अमानुष कृत्ये करणे. एखाद्या व्यक्तीमुळे गुरांचे दूध आटते, ती करणी करते, ती अपशकुनी आहे, असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचे लिंग बदलतो असे सांगणे. मूल होत नसलेल्या बाईला दैवी शक्तीचे आमिष दाखवून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. यातले कोणतेही कलम वाचताना वाचणाऱ्याला श्रद्धेची व्याख्या लागत नाही. साखळी दिसते, जखम दिसते, घेतलेले पैसे दिसतात.

मग आपण रोजच्या बोलण्यात आणि लिहिण्यात अजून त्या एका शब्दाला का चिकटून आहोत, हा माझा प्रश्न आहे.

शब्द कसा घडला आहे ते पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्या घडणीतच निम्मे भांडण आहे. हिंदीत याला अंधविश्वास म्हणतात. विश्वास हा व्यवहारातला शब्द. दुकानदारावर असतो, शेजाऱ्यावर असतो, गेला तरी माणूस उभा राहतो. मराठीने त्या जागी श्रद्धा घेतली. श्रद्धा म्हटले की आईने लावलेली सांजवात येते, वडिलांची वारी येते, गेलेल्यांचे स्मरण येते. अशा शब्दाच्या आधी ‘अंध’ जोडला की ऐकणाऱ्याला आपल्या एखाद्या समजुतीवर नव्हे, आपल्या माणसांवर बोट ठेवल्यासारखे वाटते. पुढचे ऐकायला त्याचा कान बंद होतो. या संकोचाचा फायदा घेणाऱ्यांनी तो पुरेपूर घेतला. कायदा झाला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, असे सांगत लोक रस्त्यावर आणले गेले. काही वारकरी संघटनाही त्या भीतीने विरोधात गेल्या. म्हणून मग कायद्यात वेगळे लिहावे लागले की प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही.

खरे तर श्रद्धेची तपासणी आपल्या परंपरेला परकी नाही. गीतेचा सतरावा अध्याय श्रद्धेचे तीन प्रकार करतो आणि त्यातला एक तामस म्हणून बाजूला काढतो. नवसाने पोरे होत नाहीत, हे तुकोबांनी सांगून चार शतके होत आली. गाडगेबाबा कीर्तनातून समोरच्याला प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्याच्याच तोंडून काढून घेत. बकरे कापणाऱ्याला, कर्ज काढून तेरावे घालणाऱ्याला त्यांनी कधी दुरून नावे ठेवली नाहीत, त्याच्याच बोलीत त्याला गाठले. आगरकरांची भाषा वेगळी होती, कठोर होती, पण तेही आचाराचे नाव घेऊन लिहीत. या माणसांना एक छत्रीसारखा शब्द हाताशी लागत नव्हता. ते थेट म्हणत: हे करू नका, यात तुमचे हे नुकसान आहे.

‘अंध’ या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. दृष्टिहीन माणूस पायरी तपासून पाऊल टाकतो, नोट चाचपून घेतो, हाताला लागल्याशिवाय गृहीत धरत नाही. न तपासता मानण्याला त्याचे नाव द्यावे, हा त्याच्यावर अन्याय आहे. पण हा दोष शब्दाच्या जन्मातला आहे आणि तो शब्द आता संस्थांच्या, पुस्तकांच्या, वार्तापत्राच्या नावांत रुजला आहे. तो उपटून काढा असे मी म्हणत नाही. ज्यांनी तो कपाळावर घेऊन मार खाल्ला, त्यांच्याकडून तो काढून घेण्याचा अधिकारही कुणाला नाही. शिवाय दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आपले काम सांगताना शब्दाला नेहमी विशेषणे जोडली: शोषण करणारी, फसवणूक करणारी, दिशाभूल करणारी. विशेषणे गळून पडली ती आपल्या तोंडी आल्यावर.

आता मूळ मुद्दा. ज्याला आपण आंधळे म्हणतो, तो माणूस बहुतेक वेळा काहीतरी पाहून बसलेला असतो.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या, कारण त्यात जीव जातात. आपल्याकडे माणसाला मारणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर, गवत्या चावला तरी विष म्हणून काही होत नाही. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. कोरडा दंशही होतो. म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे आणलेल्या साप चावलेल्या माणसांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. त्यांच्यावर पाणी मारले, कडुलिंबाच्या डहाळ्या फिरवल्या, मंत्र पुटपुटले आणि माणूस उठून बसला. हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. ही श्रद्धा आंधळी कशी म्हणता येईल? तिच्यामागे साक्षीदार आहेत, वाचलेला माणूस आजही पारावर बसतो.

चूक दुसरीकडे आहे. जे मेले त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. एखादा गेला की ‘उशीर झाला होता’, ‘आयुष्याची दोरीच तेवढी होती’, ‘कुणीतरी शिवाशिव केली’ असे म्हणून तो बाजूला पडतो. वाचला तो मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतो. शिवाय कोणता साप चावला, हे कुणी लिहून ठेवत नाही. मण्यार रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात, श्वास थांबतो. घोणसाच्या विषाने रक्त गोठणे बंद होते. या दोन्हींवर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. आपल्या देशात तयार होणारे हे औषध वरच्या चारही सापांच्या विषांवर चालते आणि सरकारी दवाखान्यांतून ते मिळायला हवे. ते मिळण्यातले पहिले तास मांत्रिकाच्या अंगणात जातात.

अशा गावात जाऊन ‘ही तुमची अंधश्रद्धा आहे’ म्हटले तर काय होईल? गाव वाचलेल्या माणसाला पुढे करील आणि बोलणारा गप्प होईल. त्याऐवजी विचारावे: गेल्या पाच-दहा वर्षांत किती जणांना साप चावला, कोणाला कोणता साप चावला, त्यातले कोण गेले, ते किती वाजता मांत्रिकाकडे पोचले आणि दवाखान्यात किती वाजता? हे प्रश्न अपमान करत नाहीत. ते गावालाच मोजायला लावतात. ज्यांनी सापांबद्दल गावोगाव काम केले, त्यांना हे ठाऊक आहे. ते आधी साप ओळखायला शिकवतात, मग बाकीचे बोलतात. डोक्यात जट असलेल्या बायांकडे जाणाऱ्या कार्यकर्त्यांचीही रीत हीच. जट म्हणजे देवीचे बोलावणे नव्हे, न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे, हे त्या सांगतात, पण त्याआधी घरातल्या सासूची, नवऱ्याची भीती ऐकून घेतात. जट कापली तर घरात मरण येईल, ही भीती खरी असते. तिला फक्त नाव ठेवून ती जात नाही.

मोजण्याने काय साधते, याचा एक नमुना आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे आणि तो जितका माहीत असायला हवा तितका नाही. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या: शंभर अभ्यासात हुशार असलेल्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. नावे झाकली, पत्रिका मिसळल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका पाठवायच्या, त्याने फक्त सांगायचे, हे मूल हुशार की मतिमंद. एक्कावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. सर्वांत चांगले उत्तर चाळीसपैकी चोवीस. एका ज्योतिषसंस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची बरोबर आलेली उत्तरे १०२. नाणे उडवून सांगितले असते तरी याच्या आसपासच आकडा आला असता. निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आले.

या चाचणीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की तीत कुणालाही अंध म्हटलेले नाही. ज्योतिषांना बरोबरीने बोलावले, प्रश्न असा ठेवला की त्यांच्याच शास्त्राने उत्तर द्यावे, आणि उत्तर मोजले.

पण इथेच आपल्या शब्दाचा दुसरा, अधिक गंभीर दोष दिसतो. ज्या कायद्याने भूत उतरवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, त्याच कायद्याने वास्तुशास्त्राचा सल्ला, ज्योतिषांचा सल्ला, जमिनीतल्या पाण्याचा ठाव सांगणाऱ्याचा सल्ला बाहेर ठेवला. राजकीय तडजोड म्हणून ते समजू शकते. साखळदंड आणि सल्ला यांत फरक आहे आणि फौजदारी कायद्याने सल्ल्यापाशी थांबावे, हेही मला मान्य आहे. मात्र भाषेने तिथे थांबायचे कारण नाही. आपण काय करतो? वस्तीवरचा देवरुषी, आदिवासी पाड्यावरचा भगत, अंगात येणारी बाई, उतारा टाकणारी म्हातारी, यांच्यासाठी अंधश्रद्धा हा शब्द. शहरातल्या फ्लॅटचे दार वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तोडून दुसरीकडे काढले तर ती आवड. शस्त्रक्रियेने होणाऱ्या बाळंतपणाची वेळ मुहूर्तावर ठरवली तर ती हौस. मंगळ आहे म्हणून चांगली शिकलेली मुलगी नाकारली तर ‘आमच्या घरात पाहतात’. पुष्कराजाची अंगठी हजारो रुपयांना घेतली तर श्रद्धा. शब्द खालच्या दिशेने वाहतो. ज्याच्याकडे पैसा आहे, शिक्षण आहे, इंग्रजी आहे, त्याच्या अंगावर तो पडत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस ज्यांना आठवतो त्यांनी तो या दृष्टीने आठवून पाहावा. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. त्या रांगा पाड्यांवर नव्हत्या. दिल्लीत होत्या, मुंबईत होत्या, परदेशातल्या मंदिरांतही होत्या. कचेऱ्या ओस पडल्या. दगडाच्या ओल्या सोंडेला भरलेला चमचा लावला की पृष्ठताणामुळे दूध पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळते आणि पायाशी जमते, हे शास्त्रज्ञांनी त्याच दिवशी रंगीत दूध वापरून दाखवले. त्या रांगांत डॉक्टर होते, अभियंते होते, प्राध्यापक होते. त्यांना कुणी मागासलेले म्हटले नाही.

म्हणून मला वाटते, हा शब्द माणसांसाठी वापरणे सोडावे. ‘ते लोक अंधश्रद्धाळू आहेत’ या वाक्यात माहिती काहीच नाही, फक्त बोलणारा वर उभा असल्याचे समजते. दाव्यासाठी तो वापरायचा असेल तर आधी दावा नीट सांगावा, तो कसा तपासता येईल ते सांगावे, तपासल्यावर काय निघाले ते सांगावे. इतके सांगून झाले की त्या शब्दाची गरज बहुधा उरत नाही. आणि जिथे कुणाचे शरीर, पैसा किंवा अब्रू गेली आहे, तिथे तर तो मुळीच पुरेसा नाही.

हे शेवटचे आम्हा छापणाऱ्यांना लागू आहे. ‘अंधश्रद्धेने घेतला बालकाचा बळी’, ‘अंधश्रद्धेतून महिलेला मारहाण’ अशा ओळी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येतात. मी स्वतः अशा बातम्या ओळीने वाचतो तेव्हा अस्वस्थ होतो. या वाक्यांत कर्ता नाही. अंधश्रद्धेला हात नसतात. मारले ते दिराने, पुतण्याने, शेजाऱ्याने; अनेकदा मागे शेताच्या बांधाचा वाद असतो, विधवेच्या नावावरची जमीन असते, आणि चेटकीण हे तिला हुसकण्यासाठी वापरलेले नाव असते. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवलेल्या बायांच्या प्रश्नावर ज्यांनी काम केले, ते हे सांगत आलेले आहेत. बातमीत ‘अंधश्रद्धा’ आली की जमिनीचा सातबारा दिसेनासा होतो, आणि खून हा समाजाच्या अज्ञानाचा एक खेदजनक नमुना होऊन बसतो. मग वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो; आरोपीला पकडले का, हे तो विचारत नाही.

२०१३च्या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पोलीस निरीक्षक दर्जाचा हा अधिकारी त्या हद्दीत असे प्रकार घडू नयेत म्हणून नेमायचा, आणि घडले तर पुरावे गोळा करून गुन्हा नीट उभा राहील हे त्याने पाहायचे. बातमीत हे यावे. मारणारा कोण, नाते काय, पैसे कोणी व किती घेतले, दवाखान्यात न्यायला कोणी अडवले, अनुसूचीतले कितवे कलम लावले, लावले नसेल तर का नाही, दक्षता अधिकारी कोण होता आणि त्याला कधी कळवले गेले. मथळ्यातही ‘खून’, ‘मारहाण’, ‘फसवणूक’, ‘बलात्कार’ हेच शब्द असावेत. या कृत्यांसाठी मराठीत शब्द आहेत आणि फौजदारी कायद्यात कलमे आहेत.